वहिनींच्या वाट्याची भिंत

चर्चमधल्या पापनिवेदनाच्या कपाटाला वाळवी लागली, म्हणून ते भिंतीपासून ओढून काढावे लागले. तसे झाले नसते तर त्यामागचे पाऊल कोणाला दिसले नसते.

आमचे गाव राहुरी आणि नेवासा यांच्या दरम्यान, कालव्याच्या काठी आहे. चर्च गावाच्या टोकाला, उसाच्या रानाला लागून. दगडी पाया, वर चुन्यात बांधलेल्या जाड भिंती आणि कौले. परदेशातून आलेल्या एका फादरांनी ते गावच्याच गवंड्यांकडून बांधून घेतले, एवढेच आज सांगता येते. माझा स्नानसंस्कार तिथे झाला, लग्न तिथे झाले, पत्नीच्या अंत्यविधीची उपासना, मिस्साही, तिथेच झाली. मधली वर्षे मी बाहेर काढली. सरकारी खात्यात जुनी भित्तिचित्रे सांभाळण्याचे काम केले. देवळे, मठ, गढ्या, लेणी. आयुष्यभर इतरांच्या भिंती राखल्या. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा आपल्या चर्चमध्ये एखादे चित्र असेल, ही शंकाही मनात नव्हती. भिंती पांढऱ्या होत्या. लहानपणापासून मी त्या पांढऱ्याच पाहिल्या होत्या.

त्या पांढऱ्या असण्यामागे गावाची एक रीत आहे. नाताळच्या आधी चर्चला चुना द्यायचा, आणि तो मजुराने नव्हे, घरच्या माणसांनी द्यायचा. त्यासाठी भिंती घराण्यांत वाटलेल्या आहेत. या खिडकीपासून त्या खांबापर्यंत एकाचा वाटा, खांबापासून दारापर्यंत दुसऱ्याचा. शेताचे बांध जसे तोंडी ठाऊक असतात तशा या हद्दी ठाऊक असतात. मुलगी सासरी गेली की माहेरचा वाटा सुटतो. सून आली की तिच्या हाती केकताडाच्या वाखाचा कुंचला येतो. बांधावरून एकमेकांची तोंडे न पाहणारी घरे त्या दिवसांत एकाच शिडीवर चढतात.

अलीकडे बहुतेकांनी चुना सोडून डब्यातला प्लॅस्टिक रंग धरला होता. तो चकचकतो, कपड्याला लागत नाही. चुन्यावर अडून राहिल्या त्या एकट्या वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या बालमित्राच्या पत्नी. मित्र जाऊन बरीच वर्षे झाली. मुले पुण्याला असतात. वेदीच्या डाव्या अंगाला, पापनिवेदनाच्या कपाटापासून खिडकीपर्यंतचा वाटा त्यांच्या घराचा. डब्यातल्या रंगाचे नाव काढले की त्या नाक मुरडत. "फवारनी केल्यावानी वास येतो त्याला. देवाला काय कीड लागलीय व्हय?"

कपाट ओढायला चौघे लागले. ते सागवानी आणि भलते जड. मध्ये फादर बसण्याची जागा, दोन्ही अंगांना गुडघे टेकण्याच्या फळ्या. बसवल्यापासून ते कोणी हलवले नव्हते, त्यामुळे त्यामागच्या भिंतीला चुना लागलाच नव्हता. कोळ्यांची जाळी आणि वाळवीची माती मी ब्रशने झाडली. खाली पिवळसर गिलावा होता, आणि त्यावर एक पाय.

चालत पुढे निघालेल्या माणसाचा मागे राहिलेला पाय. जाड वहाण, तिचा अंगठा, घोट्याच्या वर लाल वस्त्राची कड. त्यापुढचे सारे वहिनींच्या हद्दीत, चुन्याखाली शिरलेले. मी कापूस ओला करून एका कोपऱ्यावर टेकवला. कापूस पांढराच राहिला. म्हणजे गिलावा ओला असताना रंगवलेले. रंग भिंतीवर नव्हता, भिंतीत होता.

फादर तरुण आहेत, वसईकडचे. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"काका, हे कोण असेल?"

"पाय आहे," मी म्हणालो.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर कोणी घरी गेले नाही. पायापुढे रांग लागली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पॅरिश कौन्सिलचे अध्यक्ष साखर कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी आवाज कारखान्यातलाच राहिला आहे. त्यांनी निकाल दिला, "वेदीकडं निघालाय म्हंजे बाळ येशूकडंच. संत योसेफ. दुसरं कोन असनार?"

मागून कोणी म्हणाले, "तीन राजांपैकी असंल."

"राजाच्या पायात असली वहान? राजा काय ऊस तोडायला निघालाय?"

"मग मेंढपाळ."

"मेंढपाळाला लाल धोतर कशाला?"

वहिनी बाकावरून उठल्या नव्हत्या. "कोन का असंना," त्या म्हणाल्या, "माझ्या वाट्यात उभा हाय. भाडं मागते का मी?"

हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. वेदीमागची भिंत आजारी होती. तिला खालून ओल चढत होती. मिस्सा चालू असताना रंगाचे पापुद्रे वेदीच्या वस्त्रावर पडत. त्या उन्हाळ्यात गिलावा फोडून संपूर्ण भिंतीला टाइल बसवायच्या, असे कौन्सिलने आधीच ठरवले होते. टाइलवाला मापे घेऊन गेला होता. गिलावा फुटला की त्यातले चित्रही फुटणार होते.

मी कौन्सिलच्या बैठकीत बोलण्याची परवानगी मागितली. भिंत ठेवावी, एवढेच सांगितले.

"साहेब," अध्यक्ष म्हणाले, "एका पायासाठी अख्खी भिंत ठेवायची?"

"पायाला माणूस असतो."

"अन् नसला तर?"

"तर टाइल लावा."

फादरांनी मध्यममार्ग काढला. नाताळपर्यंत मुदत. तोवर भिंत झडायची थांबली आणि लोकांना ओळखता येईल असे चित्र निघाले, तर भिंत राहील. नाही तर नाताळ होताच टाइल. दोन्ही अटी मला मान्य होत्या. मला ती भिंत का हवी आहे हे कोणी विचारले नाही. इतरांच्या खूप राखल्या होत्या, ही आपली होती.

आधी ओलीचे कारण हाताळणे भाग होते. ते मला पहिल्या दिवशीच दिसले होते, पण सांगायला अवघड होते. काही वर्षांपूर्वी गावाने श्रमदान करून चर्चला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. प्रेमाने केला होता. घरटी माणूस राबला होता. कालव्याचे पाणी आल्यापासून इथली जमीन ओल धरते. ती ओल दगडी पायातून भिंतीत चढते. चुन्याच्या भिंतीतून ती बाहेर उडून जाते. सिमेंटने तिची बाहेरची वाट बंद झाली. मग ती आत, वेदीच्या बाजूला फुटू लागली, आणि येताना मीठ घेऊन आली.

बैठकीत मी एवढेच म्हणालो, "तुमच्या कालव्याखालच्या जमिनी चोपण झाल्या, तशी भिंत चोपण झाली आहे."

त्यानंतर समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पांढरी पडलेली जमीन त्या खोलीत प्रत्येकाच्या घरी होती. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मग चर काढावा लागंल."

"चर काढायचा आणि सिमेंट उतरवायचे."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. श्रमदानाचे पुढारपण त्यांचेच होते. "आमी घाम गाळून लावलंय ते, साहेब."

"आता घाम गाळून काढा."

लोक हसले. ते हसले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा ते पहार घेऊन एकटेच भिंतीशी भिडलेले होते. पावसाआधी सिमेंट उतरले. भिंतीच्या कडेने शेतात काढतात तसा चर खणला, तळाशी खडी घातली आणि त्याचा उतार ओढ्याकडे काढून दिला. आतून मी भिंतीला कागदाचा ओला लगदा थापत असे. लगदा वाळताना मीठ ओढून घेतो. वाळला की काढायचा, पुन्हा नवा थापायचा. त्यासाठी बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी मी नेवाशाहून कॅन भरून आणत असे. दुकानदाराला माझ्याकडे ट्रॅक्टर किती आहेत याचे कुतूहल होते.

पावसाळ्यात भिंतीचे काम थांबवले आणि कपाट हाती घेतले. ते व्हरांड्यात आडवे ठेवले. त्यावर तपकिरी ऑइलपेंटचे थर इतके होते की कोरीवकाम बुजले होते. गरम हवेने रंग मऊ करून पातळ पोलादी पट्टीने सोलला. खाली द्राक्षांचा वेल निघाला, आणि मधूनच एका ठिकाणी सुताराने द्राक्षांऐवजी कणीस कोरलेले. ज्वारीचे. वाळवीने खाल्लेला तळ कापून टाकला आणि मोडक्या बाकाचे जुने सागवान तिथे बसवले. मधल्या जाळीच्या चौकटीवर, पाप सांगणाऱ्याचे कपाळ टेकते त्या ठिकाणी, लाकूड झिजून खोलगट झाले होते. ते मी भरले नाही.

तोपर्यंत फादर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून पापनिवेदन ऐकत. त्या महिन्यांत पापे फार कमी झाली. फादरांनी चिंतेने हे मला सांगितले. वहिनींना मात्र कारण ठाऊक होते.

"उघड्यावर पाप सांगायला ती काय ग्रामसभा हाय? कपाट आना आधी. लई साचलंय लोकांचं."

दिवाळीपर्यंत भिंत कोरडी झाली. झडणे थांबले. पहिली अट पुरी झाली. चुन्याचा थर काढणे वेळखाऊ, म्हणून वहिनींचा वाटा शेवटी ठेवून मी इतर वाट्यांवरचे थर काढायला घेतले. त्या घरांनी आनंदाने होकार दिला होता.

निकाल वाईट निघाला. प्लॅस्टिक रंगाने भिंतीला जणू रेनकोट घातला होता. त्याच्यामागे मीठ अडकले आणि चित्र खाऊन गेले होते. रंगाचे पापुद्रे चादरीसारखे सुटत आणि चित्राचे कण आपल्या पाठीला चिकटवून नेत. हाती लागले ते असे: गाईचे तोंड आणि एक शिंग. गव्हाणीचा काठ. काठावर लहान मुलाची मूठ. वर चांदणीचे एक टोक. मधल्या जागी नुसता भुगा. माझे काम पाहायला येणारी माणसे हळूहळू यायची थांबली. अध्यक्ष एकदा येऊन गाईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, म्हस हाय का गाय, हेबी नक्की होईना."

ते खोटे नव्हते. एवढ्यावर दुसरी अट पुरी होत नव्हती.

राहिला वहिनींचा वाटा. मी तो बोटाच्या पेराने ठोकून पाहिला होता. बाकीच्या भिंतीचा आवाज पोकळ येत होता, इथला भरीव येत होता. चुना श्वास घेऊ देतो. तिथे मीठ अडकलेच नव्हते. पायाचा माणूस तिथे शाबूत असणार होता. मी वहिनींच्या घरी गेलो आणि थर काढण्याची परवानगी मागितली.

त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही. "न्हाई," त्या म्हणाल्या.

"वहिनी, चित्र तिथेच आहे."

"आसंल."

"मग?"

"भावजी, मी लगीन होऊन आले त्या वर्षी सासूनं कुंचला हातात दिला. म्हनली, या भिंतीला माझा हात हाय, माझ्या सासूचा हाय, आता तुझा. घरात त्यांचा फोटो न्हाई, काई न्हाई. जे हाय ते तिथं हाय. तुमी त्यो सुरीनं खरवडनार, सुपात भरनार अन् उकिरड्यावर टाकनार."

"खाली देवाचे चित्र आहे."

"अन् वर काय सैतानाचं हाय? आमी पन देवासाठीच लावला ना चुना?"

नोकरीत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आम्ही वरचे थर काढत असू आणि अहवालात त्यांना घाण म्हणत असू. मी उठलो. दारात असताना त्या मागून म्हणाल्या, "चहा घेऊन जा. रागावले न्हाई मी."

चहा घेतला. निघालो.

मी पुन्हा विचारायला गेलो नाही. फादर म्हणाले, वहिनींशी मी बोलू का? मी नको म्हणालो. फादरांनी सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते, आणि तो होकार त्यांचा नसता. कपाट मेण लावून आत आणले, जागेवर नव्हे, समोरच्या कोपऱ्यात. नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला. गावात चुन्याच्या बादल्या दिसू लागल्या. टाइलवाल्याने अध्यक्षांना फोन केल्याचे कानावर आले.

एका सकाळी वहिनी चर्चमध्ये आल्या. पदरात काही धरलेले होते. माझ्यासमोर त्यांनी पदर उघडला. तळहाताएवढा चुन्याचा पापुद्रा.

"तुमच्या ठोकन्यानं पडलं हे. खिडकीखालचं."

मी जाऊन पाहिले. ठोकण्याने नव्हे, खिडकीच्या चौकटीतून झिरपलेल्या पावसाने पडले होते. तसे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. मग मी पापुद्र्याची तुटलेली कड उजेडाकडे धरली आणि त्यांच्या हाती भिंग दिले.

"कडेला पाहा. रेघा दिसतील."

त्यांना भिंग धरायला वेळ लागला. त्या कडेत थरावर थर होते, खोडातल्या वर्तुळांसारखे. काही दुधी, काही राखी, एक तांबूस, वरचे निळसर.

"ही निळी," त्या शेवटी म्हणाल्या, "ही माझी. मी नीळ घालते. सासूला पटायचं न्हाई. म्हनायची, देवाघरी नखरे कशाला." भिंग किंचित सरकले. "अन् ही तांबूस?"

"पाणी गढूळ असेल."

"दुष्काळात तळ्याचं पानी आनलं हुतं. सासू सांगायची. तळ्याचा गाळ हाय ह्यो." त्या पुन्हा पाहू लागल्या. "त्याच्या खालचं सगळं तिच्या सासूचं."

"वहिनी," मी म्हणालो, "भिंत राहिली नाही तर हे सारे जाईल. तुमचे, सासूबाईंचे आणि खालचेही. टाइल लावताना माणूस सुरी घेऊन येणार नाही. मशीन घेऊन येईल."

त्यांनी पापुद्रा पदरात घेतला आणि निघून गेल्या. मी त्या दिवशी काम केले नाही. हत्यारे पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तीन गोष्टी. ऐकनार का?"

"सांगा."

"एक, मी समोर बसनार. दोन, सगळं न्हाई काढायचं. हातभर रुंदीची पट्टी तशीच ठेवायची, वरपासून खालपातूर."

"ती मी ठेवणारच होतो. तशी पद्धत आहे."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही चहा देऊन विषय मिटवलात."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "तीन. जे निघंल ते उकिरड्यावर जानार न्हाई. बाहेरच्या भिंतीला आता चुना लागनार ना? सिमेंट तर तुमी काढलं. त्या चुन्यात हे कालवायचं."

मी विचार केला. जुना चुना वाटून नव्यात मिसळला तर तो भरीव होतो. त्यात मीठ नव्हते. तरीही एकदा धुऊन घेता आला असता. "चालेल," मी म्हणालो.

त्या जपमाळ घेऊन पहिल्या बाकावर बसल्या. मी खिडकीकडची पट्टी सुतळी लावून आखली आणि पायापासून वर काम सुरू केले. शस्त्रक्रियेची सुरी आडवी धरायची, थराखाली सरकवायची, दाब द्यायचा नाही. चुना खपलीसारखा उचलला जातो. तो मी ताटात झेलत असे. मागून माळेचे मणी आणि अधूनमधून सूचना.

"हळू."

"हळूच आहे."

"तुमचं हळू मला ठाऊक हाय. लहानपनी चिंचा पाडायचे तवाबी हळूच म्हनायचे, आमचे हे सांगायचे."

लाल वस्त्राची कड वर वर जात राहिली. ते धोतर नव्हते. त्याला काठ होता. मग कमरेशी खोचलेला ओचा निघाला, मग एक हात, कोपरापर्यंत उघडा, हिरव्या बांगड्या. मी हात थांबवला.

मागे माळ थांबली. "बाई हाय," वहिनी म्हणाल्या.

बाईच होती. काचा मारून नेसलेले लाल लुगडे, पायात पुरुषी वहाण, घाईने टाकलेले पाऊल. गावातल्या कोणीही तो पाय बाईचा म्हटला नव्हता. मीही नाही. चेहरा निघायला सर्वांत जास्त वेळ लागला. तो सावळा होता, कपाळावर घामाचे दोन थेंब, ओठ आवळलेले. डोक्यावर तिने दुसऱ्या हाताने कडब्याचा भारा सावरला होता. भाऱ्याचा खालचा भाग स्पष्ट होता. वरचा अर्धा गेलेला. तिथवर वहिनींचा हात पोचत नसे. तेवढ्या जागी शिडी लावून दुसऱ्या कोणी डब्यातला रंग फासला होता.

वहिनी बाकावरून उठून जवळ आल्या. पायापासून भाऱ्यापर्यंत पाहिले. मग उजवीकडे, जिथे गाईचे तोंड आणि गव्हाणीचा काठ होता तिकडे. मग पुन्हा बाईकडे. आणि हसू लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत.

"काय झाले?"

"भावजी, ते राजे सोनं आन, ऊद आन करत बसले. अन् बाळ निजवलं गव्हानीत. मग गाईनं काय खायचं? एकटी हीच शहानी. वैरन घेऊन आली."

मी इतकी वर्षे चित्रे पाहत आलो. तरी हे कधी माझ्या ध्यानात आले नव्हते.

बातमी पसरायला मिस्साची वाट पाहावी लागली नाही. दुपारपर्यंत चर्च भरले. संत योसेफ म्हणणारे, राजा म्हणणारे, मेंढपाळ म्हणणारे सारे आले. बायका पुढे झाल्या. "चप्पल घालून आलीय देवापुढं," एक म्हणाली. "डोक्यावर भारा असल्यावर काढनार कशी?" दुसरीने सुनावले. अध्यक्ष सर्वांत शेवटी आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी भाऱ्याखाली आवळलेल्या दोरीकडे बोट केले.

"गाठ बरोबर हाय," ते म्हणाले. "कडब्याची अशीच मारतात. चित्र काढनारा गावातलाच असनार." मग माझ्याकडे वळून, "साहेब, भारा तेवढा पुरा करा. अर्धा बरा दिसत न्हाई."

"जे नाही ते मी काढत नाही."

"चार काड्या तर काढायच्यात."

"त्या चार काड्या माझ्या होतील. तिच्या नाही."

अध्यक्षांनी मान हलवली. पटले म्हणून नव्हे. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही एवढे त्यांना कळले होते. गेलेल्या जागी मी साधा चुना भरून तो भिंतीच्या रंगाला जुळवला. फादरांनी विचारले, "कौन्सिलची बैठक बोलवायची का?" अध्यक्ष दाराकडे निघाले होते. तिथूनच म्हणाले, "कशाला? मानूस वळखू आला न्हवं. टाइलवाल्याला मी फोन करतो."

चुना द्यायचा दिवस आला तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. वेदीमागच्या भिंतीला आता आतून कुंचला लागणार नव्हता. ज्या घरांचे वाटे तिथे होते त्यांनी काय करायचे? वहिनींनी तोड काढली. ज्याचा वाटा आत होता त्याने त्याच वाट्याची बाहेरची बाजू घ्यायची. भिंत तीच, तोंड दुसरे. डब्यातला रंग आणायचा नाही, अशी अट मी घातली. ती फादरांनी मिस्सामध्ये वाचून दाखवली.

कळीचा चुना मी आधीच पाण्यात विरवून ठेवला होता. वहिनींच्या वाट्यातून निघालेला जुना चुना धुऊन, वाळवून, पाट्यावर वाटला. वाटण्याचे काम वहिनींनी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. तो पांढरा भुगा त्यांनी स्वतःच्या बादलीत घातला. उरला तो बाकीच्यांच्या बादल्यांत मूठ मूठ टाकला.

उसाला तुरे आले होते. चराच्या कडेने घरोघरची माणसे ओळीने उभी होती. पुण्याहून वहिनींचा थोरला मुलगा आणि सून सुट्टी काढून आले होते. आतली खिडकी कुठे येते ते बाहेरून दिसत होते. वहिनींनी तिथून पावले टाकली आणि कोळशाने रेघ ओढली.

शेजारच्या वाट्याचे मालक अध्यक्ष होते. त्यांनी रेघ पाहिली. "वहिनी, वीतभर माझ्यात आलात तुमी."

"आत मी कधी आले हुते का?"

"आतलं येगळं. हा कोपरा माझा."

"मग मोजा. साहेब हायेत, त्यांच्याकडं सुतळी हाय."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी सुतळी काढली. आत खिडकीपासून कपाटाच्या जुन्या जागेपर्यंतचे माप घेतले आणि तेच बाहेर चौकटीपासून धरले. वहिनी वीतभर पुढे आल्या होत्या. मी तसे सांगितले.

"बघा," अध्यक्ष म्हणाले.

वहिनींनी रेघ पुसली, वीतभर अलीकडे नवी ओढली आणि कुंचला सुनेच्या हाती दिला. सुनेने तो उलटा धरला. वहिनींनी तो सरळ केला, बादलीत बुडवून निथळला आणि तिचा हात धरून पहिला फटका वरून खाली ओढला. ओल्या भिंतीवर चुना लावताना दिसत नाही. वाळत जातो तसा उमटतो. आम्ही सगळे तो वाळायची वाट पाहत उभे राहिलो.

"नीळ घातली का?" सुनेने विचारले.

"घातली," वहिनी म्हणाल्या. "थोडी. सासूला पटत न्हाई म्हनून थोडी."